दुसऱ्याचा देव, आपला ब्रश

आपल्या शहराभोवतीच्या शंभर किलोमीटरमध्ये बौद्ध, सूफी, वारकरी सगळे नांदले. पण त्यांना पुस्तकात कुणी आणलं? बरेचदा भलत्याच धर्माच्या माणसांनी. आणि त्यासाठी त्यांनी जे भोगलं, ते ऐकलंत तर अजिंठ्याची ट्रिप पुन्हा करावीशी वाटेल.

शनिवारी संध्याकाळी कॅनॉटला चहा मारत बसलेल्या कुठल्याही ग्रुपला विचारा, 'उद्या काय प्लॅन?' उत्तरं ठरलेली. म्हैसमाळ, प्रोझोन, फार तर दौलताबाद. कुणी चुकून 'अजिंठा' म्हणालाच तर बाकीचे त्याला वेड्यात काढतात. 'अरे, शाळेच्या ट्रिपला झालंय ना!' झालंय खरं. पुऱ्या-भाजीचा डबा, बसमधल्या अंताक्षऱ्या आणि अंधारात सरांच्या मागे रांग. चित्रं किती जणांना आठवतात?

बहुतेकांना आठवतो तो एकच चेहरा. हातात कमळ, झुकलेली नजर, एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणि. तोसुद्धा आपण भिंतीवर कमी आणि पुस्तकात, कॅलेंडरवर, हॉटेलच्या रिसेप्शनमागे जास्त पाहिलेला असतो. म्हणजे कुणीतरी तो भिंतीवरून कागदावर आणला. ही आणणारी मंडळी कोण होती, हे शोधायला लागलं की एक भन्नाट यादी हाती येते. त्यात मद्रासच्या फौजेतला मेजर आहे, मुंबईचा पारशी विद्यार्थी आहे, हैदराबादचे दोन मुसलमान चित्रकार आहेत, कलकत्त्याची पोरं आहेत आणि साताऱ्याकडचा कीर्तन करणारा राजाही आहे. यादीत बौद्ध म्हणावा असा जवळपास कुणीच नाही!

मेजरसाहेबांची वीस वर्षं

२८ एप्रिल १८१९. शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या वळणावर लेणी दिसली, ही स्टोरी सगळ्यांना पाठ असते. (लेण्यातल्या चित्रित खांबावर त्याने आपलं नाव कोरून ठेवलं. 'आय वॉज हिअर' टाइप लोक तेव्हाही होते.) खरं काम सुरू झालं १८४४ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करायला पाठवलं. तो आला आणि इथलाच होऊन गेला. अजिंठा गावात राहिला, साधारण वीस वर्षं भिंतीसमोर बसून मोठमोठे कॅनव्हास रंगवत राहिला. भिंत रंगवणारे कोण होते, त्यातल्या कथा काय, हे सांगणारं त्याच्या काळात फारसं कुणी नव्हतं. दिसेल ते, जसंच्या तसं, एवढंच त्याच्या हाती होतं.

ती चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत जळाली. मोजकीच वाचली. वीस वर्षांचा डेटा एका रात्रीत साफ, बॅकअप नाही. आपली एक्सेल शीट उडाली तर आपण आयटीवाल्याच्या नावाने दिवसभर बोंबलतो.

गिल आज लोकांना माहीत आहे तो पारोमुळे. ना. धों. महानोरांची 'अजिंठा' ही दीर्घकविता आणि तिच्यावर नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ मध्ये केलेला सिनेमा, यामुळे ती प्रेमकथा घरोघरी गेली. १८५६ मध्ये वारलेल्या पारोची कबर अजिंठा गावात आहे, १८७९ मध्ये गेलेल्या गिलची भुसावळला. छानच आहे ते. पण या लव्हस्टोरीच्या गडबडीत त्याची पुस्तकं मात्र मागे पडली. गिल नंतर कॅमेऱ्याकडे वळला होता. जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाबरोबर त्याची दोन पुस्तकं १८६४ मध्ये लंडनमध्ये निघाली. त्यात स्टिरिओ फोटो होते, म्हणजे दोन भिंगांतून पाहिले की खोली दिसणारे जोडफोटो. व्हीआर हेडसेटचे खापरपणजोबाच! दिवाणखान्यात बसलेल्या लंडनच्या माणसाला वेरूळ-अजिंठ्याच्या आत उभं राहिल्यासारखं वाटायचं. मला विचाराल तर पारोइतकीच ही गोष्टही सिनेमात यायला हवी होती.

आग, पुन्हा आग, मग भूकंप

गिलची चित्रं जळाली म्हणून सरकारने नवा माणूस नेमला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स. १८७२ पासून १८८५ पर्यंत थंडीच्या सीझनमध्ये ते आपले विद्यार्थी घेऊन इथे यायचे. पुढे नावाजलेले पारशी चित्रकार पेस्तनजी बोमनजी या टीममध्ये होते. आता विचार करा. विशीतला पारशी तरुण, जातककथांशी संबंध शून्य, बुद्धाच्या एका जन्माची गोष्ट रेषेरेषेने उतरवतोय. गोष्ट कळायच्या आधी त्याला बोटांची ठेवण कळली असणार.

ही चित्रंही लंडनला गेली. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये आग लागली आणि त्यातली बरीच गेली. एकदा ठीक, पण दोनदा! उरलेल्यांतून आणि रेखाटनांतून ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन भलेमोठे खंड काढले. कॉफी टेबल बुक म्हणावं तर टेबलच मोडेल. पण आज भिंतीवरून नाहीशा झालेल्या कित्येक गोष्टी या खंडांतच उरल्या आहेत.

आणि हॅट्ट्रिक जपानने पूर्ण केली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी काही जपानी चित्रकार अजिंठ्याला येऊन नकला करून गेले. त्यांच्यासाठी ही निव्वळ कला नव्हती, त्यांच्या धर्माचं मूळ इथे होतं. त्या नकला १९२३ च्या टोकियो भूकंपात नष्ट झाल्या.

मध्ये एक बाई येऊन गेल्या, त्यांच्याबद्दल थांबून सांगायला हवं. लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम. स्वतः चित्रकार, इटलीतल्या जुन्या भित्तिचित्रांच्या तंत्रावरच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलेल्या. १९०९ ते १९११ मधले दोन हिवाळे त्यांनी लेण्यांजवळ मुक्काम ठोकला. मदतीला कलकत्त्याहून आले नंदलाल बोस, असितकुमार हलदर, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. व्यंकटप्पा. निजामाच्या हैदराबादहून आले सय्यद अहमद आणि फजलुद्दीन. त्यावेळी अजिंठा निजामाच्या राज्यात होता, आपलं शहरही. एका तळावर ख्रिश्चन, हिंदू आणि मुसलमान चित्रकार, आणि दिवसभर सगळ्यांसमोर बुद्ध. आजच्या भाषेत याला 'डायव्हर्स टीम' म्हणतात आणि एचआरवाले त्याचं पोस्टर लावतात.

शेवट मात्र वाईट झाला. मायदेशी परतताना लेडी हेरिंगहॅम यांचं मानसिक संतुलन ढळलं. कुणीतरी आपला पाठलाग करतंय असे भास व्हायला लागले. १९२९ मध्ये वारल्या, तोवरची उरलेली वर्षं मनोरुग्णांच्या संस्थांमध्ये गेली. त्यांच्या नकलांचं पुस्तक १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने काढलं, तेव्हा त्या ते नीट पाहण्याच्या अवस्थेत नव्हत्या.

त्यांच्या टीममधले दोघे मात्र या कामातून घडले. सय्यद अहमद पुढे निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्यात अजिंठ्याचे क्युरेटर झाले. आणि नंदलाल बोस? भारताच्या राज्यघटनेची हस्तलिखित प्रत पाहिली आहे का कधी? तिची पानं सजवली नंदलालबाबू आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या शिष्यांनी. त्यात बुद्ध आहेत, महावीर आहेत, अकबर आहे, शिवाजी महाराज आहेत, गुरू गोविंदसिंग आहेत. या देशाच्या सगळ्या परंपरा एका पुस्तकात, आणि त्या रेषेचा रियाझ कुठे झाला, तर आपल्या फर्दापूरच्या डोंगरात. आपल्या सिटीचं ब्रँडिंग करणारे लोक हे का सांगत नाहीत, मला कळत नाही.

कॅप्शन चुकलं की धर्म बदलतो

तुम्ही ऑफिसमध्ये पीपीटी बनवत असाल तर हे पटेल. चित्र बरोबर असतं, खालची ओळ घोळ घालते.

लेणं क्रमांक १ मध्ये उंच टोप्या घातलेले परदेशी दिसणारे लोक राजापुढे भेटी घेऊन आलेत. १८७९ मध्ये फर्ग्युसनने सांगितलं की हा चालुक्य राजा पुलकेशीच्या दरबारात आलेला इराणचा वकील आहे. झालं! 'पर्शियन एम्बसी' हे नाव चिकटलं ते चिकटलंच, गाइड अजून सांगतात. पुढे तारखांचं गणित जमेना, कारण लेण्याचं काम पाचव्या शतकातलं आणि पुलकेशी सातव्या. जर्मन संशोधक डीटर श्लिंगलॉफ यांनी ग्रंथांशी ताडून सांगितलं की ही महासुदर्शन राजाची कथा आहे. बुद्धाचा एक पूर्वजन्म. म्हणजे शंभर वर्षं लोक एका धार्मिक गोष्टीकडे राजकारणाची बातमी म्हणून पाहत होते.

सोळा नंबरची 'मरणोन्मुख राजकुमारी' आणखी गंमतशीर. ती मरत वगैरे नाहीये. ती सुंदरी आहे, बुद्धाचा भाऊ नंद याची बायको. नवरा भिक्षू झाला ही खबर ऐकून ती कोसळली आहे. एकाला मुक्ती मिळते तेव्हा घरात मागे उरलेल्याचं काय होतं, हे त्या चित्रकाराने दीड हजार वर्षांपूर्वी विचारलं होतं. आणि छापील कॅप्शनने त्याचं नुसतं सॅड सीन करून टाकलं.

म्हणूनच गुलाम याझदानींचं काम मोठं. मूळचे दिल्लीचे, अरबी-फारसी शिलालेखांचे जाणकार, १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक. हे आयुष्यभर मशिदी-दर्ग्यांवरचे लेख वाचणारे गृहस्थ अजिंठ्यावर पुस्तक करायला बसले आणि त्यात पाव शतक घालवलं. 'अजंता' या नावाने चार भाग निघाले, १९३०, १९३३, १९४६ आणि १९५५ मध्ये. रंगीत फोटोंवरून केलेल्या प्लेट्स, सोबत प्रत्येक भिंतीवरच्या कथेची उकल. पहिला भाग आला तेव्हा गादीवर निजाम मीर उस्मान अली खान. चौथा आला तेव्हा हैदराबाद भारतात विलीन होऊन सात वर्षं झालेली. राज्य गेलं, निजाम गेला, पुस्तक मधेच सोडलं नाही.

याच निजाम सरकारने १९२० मध्ये इटलीहून दोन तज्ज्ञ आणून चित्रांची डागडुजी करवली, हेही सांगायला हवं. सुटणारा गिलावा त्यांनी धरून ठेवला, पण चित्रांवर लावलेलं शेलॅक कालांतराने पिवळं-काळपट पडलं आणि पुढच्या पिढ्यांना ते काढत बसावं लागलं. हेतू चांगला असून उपयोग नसतो कधीकधी.

आणि आता तो कीर्तनकार राजा. औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून आपले आजोबा त्यांना ओळखायचे. स्वतः चित्रकार. १९१६ मध्ये त्यांचं 'चित्र रामायण' आलं, मग १९२९ मध्ये वेरूळवर आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर त्यांनी पुस्तकं काढली. सकाळी रामाची चित्रं रंगवणारा माणूस दुपारी बुद्धाचं हँडबुक लिहितोय, आणि त्याला यात काही विचित्र वाटत नाही. त्यांच्याच आश्रयाने औंधला राहिलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार. त्यांनी ब्रश ठेवला आणि वेद छापायला घेतले. स्वाध्याय मंडळाच्या त्या वेदसंहिता देशभर गेल्या. सातवळेकर शंभरीपर्यंत जगले. करिअर चेंजची भीती वाटणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

नोट्स घेणारा कवी

वेरूळला जाताना खुलताबाद लागतं. १९८३ पासून वर्ल्ड हेरिटेज असलेल्या वेरूळकडे गाड्या भरधाव जातात, खुलताबादला कुणी थांबलंच तर औरंगजेबाच्या कबरीसाठी. २०२५ च्या मार्चमध्ये तर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. त्याच खुलताबादच्या मातीत अमीर हसन सिज्जी झोपला आहे, हे एकाही चॅनेलने सांगितलं नाही.

हसन हा अमीर खुसरोचा दोस्त, तसाच फारसी कवी, दोघेही दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे मुरीद. १३०८ पासून पुढची चौदा वर्षं तो गुरूंच्या बैठकीला जायचा आणि नंतर जे बोलणं झालं ते लिहून ठेवायचा. मीटिंगचे मिनिट्सच म्हणा! आधी गुपचूप, मग गुरूंना दाखवलं, त्यांनी वाचून पसंती दिली. त्यातून झाला 'फवायद-उल-फुआद'. सूफी संतांची बोलणी तारीखवार टिपणारा हा नमुना इतका चालला की पुढे देशभर तशी पुस्तकं निघाली. सुलतान मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची माणसं दौलताबादला हलवली, त्यात हसनही आला आणि इथेच वारला. निजामुद्दीनांचे शिष्य बुर्‍हानुद्दीन गरीब हेही खुलताबादला स्थायिक झाले. बऱ्हाणपूर शहराला ज्यांचं नाव आहे, तेच हे. त्यांची वचनं लिहून ठेवली काशानी घराण्यातल्या भावांनी. म्हणजे चौदाव्या शतकात आपल्या या छोट्या गावात एक अख्खी रायटर्स रूम चालू होती. ही सगळी फारसी पोथ्यांची रास अमेरिकेतल्या कार्ल अर्न्स्ट यांनी वाचली आणि १९९२ मध्ये 'इटर्नल गार्डन' हे पुस्तक लिहिलं. खुलताबादवरचं सगळ्यात चांगलं पुस्तक परदेशातून यावं, याची थोडी लाज वाटते. बरं, फारसी वाचणारे इथे किती उरलेत, तेही आहेच.

पैठणचं वेगळं सांगायला नको, पैठणी घ्यायला सगळेच जातात. फक्त एक. एकनाथ महाराज हे आपले पहिले मोठे एडिटर. तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीच्या नकलांत चुका आणि भर पडत गेली होती. १५८४ मध्ये नाथांनी पोथ्या ताडून शुद्ध पाठ तयार केला, आणि आपलं काही त्यात न घालण्याचं पथ्य पाळलं. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबाद किल्ल्यावर अधिकारी होते. नाथांच्या भारुडांत 'हिंदू-तुर्क संवाद' आहे. दोघे एकमेकांच्या धर्मावर तोंडसुख घेतात, अगदी कडकडून भांडतात आणि शेवटी गळ्यात पडतात. सोळाव्या शतकात हे लिहिलं गेलं! आज कुणी तसं स्किट करायला घेतलं तर आधी वकील शोधेल.

पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रंसुद्धा आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग सुट्या कागदांवर काढायचे, एकेक पान समोर धरायचं आणि गात गात गोष्ट सांगायची. ही चित्रकथी. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ती चित्रं पाहायला मिळतात. गोष्ट सांगण्याची परंपरा कोकणात पिंगुळीच्या ठाकर समाजाने जिवंत ठेवली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण ग्राफिक नॉव्हेल म्हणतो ते यापेक्षा काय वेगळं?

तळं, तांगा आणि गोंड रेषा

ग्राफिक नॉव्हेलवरून आठवलं. शहरातले हजारो जण नागसेनवनात शिकले. मिलिंद कॉलेज १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलं. मिलिंद हा ग्रीक राजा मिनँडर, नागसेन हा त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्षू, आणि त्यांचा संवाद म्हणजे 'मिलिंदपन्ह' हा पाली ग्रंथ. एका पुस्तकातल्या दोन पात्रांची नावं कॅम्पसला देणारा संस्थापक जगात दुसरा असेल तर मला कळवा. राजाने शंका काढाव्यात आणि भिक्षूने न चिडता उत्तरं द्यावीत, हे कॉलेजचं नाव म्हणून किती परफेक्ट आहे!

ज्या माणसाने हे नाव दिलं, त्याला या परिसराने काय दिलं होतं? १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबाद किल्ला पाहायला आले. प्रवासाची धूळ होती, म्हणून दाराजवळच्या हौदात हातपाय धुतले. अस्पृश्यांनी पाणी बाटवलं म्हणून तिथल्या मुसलमानांनी गराडा घातला, शिवीगाळ केली. शेवटी पाण्याला हात लावणार नाही या अटीवर, सोबत पहारा देऊन किल्ला दाखवला गेला. बाबासाहेबांनी हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. हिंदूंना अस्पृश्य असलेला माणूस मुसलमानांनाही अस्पृश्यच, हे त्यांना त्या दिवशी कळलं. वर याझदानी आणि सय्यद अहमद यांचं कौतुक वाचून 'आमच्याकडे सगळं कसं छान होतं' असं वाटू लागलं असेल, तर हा प्रसंगही वाचावा लागेल.

२०११ मध्ये 'भीमायन' आलं. गोंड कलाकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी बाबासाहेबांचं आयुष्य त्यात काढलं, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. चौकटी नाहीत, पानभर वळत जाणाऱ्या रेषा आहेत. चाळीसगावचा तांगा त्यात आहे, दौलताबादही आहे. शाळेतल्या सनावळीतून जे अंगावर आलं नाही, ते इथे येतं. बाबासाहेबांचा स्वतःचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. नव्याने धम्मात आलेल्या माणसाच्या हातात एकच पुस्तक असावं, म्हणून केलेला ग्रंथ. आजारपणात, घाईत, पण प्रत्येक दंतकथेला प्रश्न विचारत लिहिलेला.

आपल्या पिढीचा या सगळ्याशी पहिला संबंध मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या 'अमर चित्रकथे'तून आला, नाही का? अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका. बुद्ध, महावीर, कबीर, गुरू नानक, तुकाराम, येशू ख्रिस्त, सगळे एकाच साइजच्या पातळ पुस्तकांत. सगळे देव गोरे, सगळे राक्षस काळे, अशी टीका तिच्यावर झाली आणि ती रास्तही आहे. तरी जैनांच्या घरात नानक आणि मुसलमान मित्राच्या घरात जातककथा तिनेच नेल्या. याच काळात तिकडे जपानमध्ये ओसामू तेझुका मांगा शैलीत बुद्धाची हजारो पानं काढत होता. मिळाली तर वाचा, सॉल्लिड आहे.

अजिंठ्याची भिंत दरवर्षी थोडी थोडी जातेच आहे. श्वास, ओलावा, वटवाघळं, आणि आपण. फ्लॅशला बंदी आहे ती उगीच नाही. बिनॉय बहल यांनी तर फ्लॅशशिवाय, अंधुक उजेडात फोटो काढायचं तंत्र वापरून १९९८ मध्ये अख्खं पुस्तक केलं. नाशिकचे प्रसाद पवार अनेक वर्षं ही चित्रं कॉम्प्युटरवर पुन्हा उभी करण्याच्या मागे आहेत. नकला करणाऱ्यांची लाइन संपलेली नाही.

तर, या रविवारी. सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ, हे लक्षात ठेवा. ग्रिफिथ्सचे खंड नेटवर फुकट पाहायला मिळतात, त्यातली चार-पाच पानं फोनमध्ये उतरवून घ्या, कारण वर नेटवर्कचा भरवसा नाही. सकाळी लवकर निघा, दहाच्या आत लेण्यात शिरा, गर्दी नंतर येते. सतरा नंबरमध्ये ब्राइटनेस अगदी कमी करून एखादं पान उघडा, डोळे अंधाराला सरावू द्या, मग भिंतीवर तीच जागा शोधा. हात सापडेल, चेहरा नसेल. कधी चेहरा असेल आणि शेजारचं झाड गेलेलं असेल. फोनमध्ये मात्र ते झाड असेल, जे. जे. च्या कुठल्यातरी विद्यार्थ्याने दीडशे वर्षांपूर्वी पानं मोजून काढलेलं.